एसटीने येणारी बॅटरी

म्हस्के काका तिसऱ्यांदा बॅटरी घेऊन आले, ते कंडक्टरशी भांडूनच.

"मांडीवर बसवून आणलं मी तिले. मांडीवरच्या लेकराले लगेज लागते काय?" दुकानाच्या पायरीवरूनच त्यांनी आम्हाला विचारलं. मग पोत्यातली बॅटरी काउंटरवर ठेवली आणि लेकराचं तोंड पुसावं तशी रुमालानं पुसली.

बॅटरी उतरली की गाडी जागची हलत नाही. त्यामुळे बॅटरीच एसटीनं यायची. जानेफळहून मेहकरला, काकांच्या मांडीवर. चार्ज झाली की तशीच परत. गाडीपेक्षा बॅटरीचाच प्रवास जास्त झाला होता.

मी मेहकरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, दुपारनंतर गजूभाऊंच्या बॅटरीच्या दुकानात काम. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे घरच्यांना वाटतं की मला सगळं येतं. मला तसं वाटत नाही. माझं कुठलंही उत्तर 'बहुतेक' या शब्दानं सुरू होतं आणि गजूभाऊंना त्याचा राग येतो. "बहुतेक नावाची बॅटरी आपल्या दुकानात नाही बे, प्रोफेसर," असं ते गिऱ्हाइकासमोरच म्हणतात.

म्हस्के काका एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. पुण्याला असलेल्या मुलानं त्यांना गाडी घेऊन दिली होती, ऑटोमॅटिक. म्हणजे क्लच नाही, गिअर गाडी स्वतःच बदलते. "आता पायांना आराम द्या, बाबा," असं मुलाचं म्हणणं. काकांनी गाडीलाच आराम दिला होता.

"या टायमाले पक्कं काम पाह्यजे," काका म्हणाले. "रविवारी भाचीचं लग्न हाय. नवरदेवाले पारावरून मांडवात मी माह्या गाडीत आणीन, असं साखरपुड्यात भर पंगतीत बोललो मी. आता गावातले पोट्टे काय म्हणून राह्यले, मालूम? म्हणतात, दोर घेऊन ठेवा."

"दोर काऊन?" गजूभाऊंनी विचारलं.

"गाडी ओढाले!"

मी बॅटरी चार्ज करून लोड टेस्टर लावला. हे यंत्र बॅटरीवर थोडा वेळ मुद्दाम मोठा भार टाकतं. बॅटरी आतून खराब असेल तर काटा धाडकन खाली येतो. काटा खाली आला नाही. बॅटरी ठणठणीत होती.

"मग गाडीतच काहीतरी करंट खातंय, बहुतेक," मी म्हणालो.

"बहुतेक?" गजूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "जाय मंग यायच्यासंगं. चोर धरल्याशिवाय वापस येऊ नको."

आम्ही एसटीनं निघालो. बॅटरी या वेळी माझ्या मांडीवर होती. काका बरोबर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि वळण आलं की पुटपुटू लागले, "सेकंड टाक... टाक ना, बाप्पा." त्यांचा डावा पाय दर गिअरला खालचा पत्रा दाबत होता. वाटेत एक बैलगाडी आडवी आली तेव्हा ड्रायव्हरच्या आधी काकांनी क्लच दाबला. मला हसू आलं, पण मोठ्या माणसाला हसणं बरं नाही म्हणून मी बॅटरीकडे पाहत राहिलो.

गाडी घरासमोरच्या टिनाच्या शेडमध्ये उभी होती. काकूंनी जुन्या लुगड्यांचं कव्हर शिवलं होतं. त्याला काठसुद्धा होता. आत सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक तसंच होतं. मी बॅटरी बसवली आणि मीटर काढला.

गाडी बंद असली तरी तिचं घड्याळ, अलार्म, लॉक यांना थोडा करंट लागतो. तो मोजायला बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलची वायर काढायची आणि मधे मीटर जोडायचा. आकडा नेहमीपेक्षा मोठा दिसला की समजायचं, कुठेतरी गळती आहे. फक्त लगेच आकडा बघायचा नाही. गाडी बंद केल्यावर तिच्यातल्या सगळ्या यंत्रणा बंद व्हायला वेळ लागतो. आम्ही त्याला गाडी झोपणं म्हणतो.

"थोडं थांबावं लागेल," मी सांगितलं. "गाडी झोपली की मोजतो."

काकूंनी तोंडाला पदर लावला. "कितीक वेळ लागते जी तिले?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"अर्धा तास. बहुतेक."

काकांनी दबक्या पावलांनी जाऊन कोंबड्या हाकलल्या. काकूंनी चहाच्या कपबशा आवाज न करता आणल्या. हळू बोलायची गरज नाही हे मला सांगायचं होतं, पण दोघं इतक्या मनापासून गप्प बसले होते की माझा धीर झाला नाही. शेवटी मीही कुजबुजू लागलो.

तेवढ्यात शेजारचा गणेश आला. "काय काका, निघाली का नाही तुमची एक्सप्रेस?" असं ओरडत त्यानं गाडीचं दार उघडलं. आतला दिवा लागला. मीटरचा आकडा उडाला.

"उठवली ना बे तिले!" काका खेकसले. "आत्ताच कोठं डोळा लागला होता!"

पुन्हा अर्धा तास. या वेळी गणेशही आमच्यासोबत गुपचूप बसला.

शेवटी आकडा आला. नॉर्मल. गळती नाहीच. तरी मी एकेक फ्यूज काढून पाहिला. चोर सापडला नाही. गजूभाऊंना काय सांगू?

"काका, मला समजत नाहीये," मी म्हणालो. "गाडी शेवटची कधी चालू केली होती?"

"शेवटची काय? रोज करतो. तुह्या शेठनंच सांगितलं, उभ्या गाडीले रोज सेल्फ मारत जा. आपण ड्युटी चुकवत नाही."

"कशी करता, दाखवता का?"

काका घरात गेले आणि खाकी शर्ट घालून बाहेर आले. काकू न सांगता गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. वायर पुन्हा जोडायची घाई मलाच करावी लागली.

काकांनी गाडी चालू केली. हेडलाइट लावले, अप्पर-डिप्पर केलं. "डावा!" काकू मागून ओरडल्या. डावा इंडिकेटर लागला. "उजवा! ब्रेक! रिवर्स!" मग वायपर चालले, कोरड्या काचेवर. मग मोठा हॉर्न, गल्लीतलं कुत्रं उठेपर्यंत. शेवटी काकूंनी टपावर दोनदा थाप मारली.

"टण टण," त्या म्हणाल्या.

काकांनी गाडी बंद केली आणि खाली उतरले. "झालं. ओके हाय."

"आणि मग?"

"मंग काय? मंग मी सकाळच्या बसनं मेहकरले जातो. पास हाय ना माह्यापाशी."

मी चोराकडे पाहिलं. चोर खाकी शर्टाची बटणं काढत होता.

हे त्यांना सांगायचं कसं, तेच मला कळेना. मी टाकीवरून सुरुवात केली. "काका, बॅटरी म्हणजे छतावरची टाकी समजा. सेल्फ मारला की टाकीचा सगळ्यात मोठा नळ सुटतो. लाइट, वायपर, हॉर्न हे बाकीचे नळ. इंजिन म्हणजे टाकी भरणारी मोटर. तुम्ही रोज सगळे नळ सोडता आणि मोटर एकच मिनिट चालवता."

"एसटीची बॅटरी काऊन उतरत नाही मंग? तिथं बी आम्ही हेच चेकिंग करत होतो."

"चेकिंग झाल्यावर बस रूटवर जायची ना. दिवसभर मोटर चालू. तुमची गाडी डेपोतून निघतच नाही."

काकांनी टपावरून हात फिरवला. "म्हणजे मी रोज थोडी थोडी तिले मारून राह्यलो होतो," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

मी घाईनं उपाय सांगितले. गाडी महिनाभर उभीच राहणार असेल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवायचं. वीज टिकत असेल तर बॅटरीला लहान चार्जर लावून ठेवता येतो, तो बॅटरी भरली की आपोआप थांबतो. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवायची, नुसती उभ्यानं चालू करायची नाही. "जानेफळ ते मेहकर आणि परत, एवढं पुरे," मी म्हणालो. "आत्ताच जाऊन येऊ या का?"

काका कोंबड्यांकडे पाहू लागले. गणेश खाकरला. काकूंना हसू आवरेना.

"सांगू काय?" त्या म्हणाल्या.

"नको सांगू."

"ऐक, बाप्पा. यायचा डावा पाय काही ऐकत नाही. गाडी आली त्या दिवशी आम्ही देवळात निघालो. माह्या मांडीवर बुंदीचा डबा. कोपऱ्यावर वळताना यायनं क्लच समजून डाव्या पायानं दणकन जे दाबलं, तो होता ब्रेक! गाडी जाग्यावर, बुंदी समोरच्या काचेवर. एसीतून आजपण एखादी कळी निघते."

एसटीचा क्लच जड असतो. तो पूर्ण ताकदीनं दाबावा लागतो. तेवढी ताकद कारच्या ब्रेकवर पडली तर बुंदी उडणारच. गाडी चालू करताना मात्र ब्रेक दाबावाच लागतो, म्हणून उभ्या गाडीत काकांच्या पायाचं काही बिघडत नव्हतं.

"जिंदगीभर गाडी चालवली मी," काका हळूच म्हणाले. "अन् आता भर गावात नवरदेव काचेवर नेऊन आपटू? पोराले कोण्या तोंडानं सांगू, की त्यानं घेतलेली गाडी मले येत नाही?"

त्यावर कोणीच हसलं नाही. गणेशसुद्धा.

बोलता बोलता काकांचा पाय जमिनीवर हलत होता. मला एसटीतला पत्रा आठवला. आणि एक कल्पना सुचली, इतकी येडपट की ती मी तिथं बोललोच नाही.

मेहकरला येऊन गजूभाऊंना सगळं सांगितलं.

"मी रोज सेल्फ मारा म्हटलं होतं," ते म्हणाले. "वरात काढा म्हटलं नव्हतं."

"भाऊ, रोज सेल्फ मारा हेही चूकच आहे."

"बहुतेक?"

"नाही. नक्की."

गजूभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. त्याच दमात मी कल्पना सांगून टाकली: डाव्या पायाला क्लच हवा आहे, तर आपण क्लच देऊ. ते उठून भंगारातून एका टेम्पोचं क्लच पेडल घेऊन आले.

आम्ही ते एका लोखंडी पट्टीवर वेल्ड केलं. खाली चांगली कडक स्प्रिंग बसवली. मग ते जानेफळला नेलं. गाडीत डाव्या पायाला टेकायला जागा असते, तिथं ते नटबोल्टनं पक्कं केलं, ब्रेकपासून लांब. ते कशालाही जोडलेलं नव्हतं. दाबलं की खाली जायचं, सोडलं की वर यायचं. बस्स.

काका बसले. त्यांनी डावा पाय ठेवला, दाबला. त्यांचा चेहराच बदलला.

"जड हाय," ते खुशीत म्हणाले.

आधी त्यांनी गाडी रिकाम्या मैदानात फिरवली. मग आम्ही मेहकरच्या रस्त्याला लागलो. काका प्रत्येक वळणावर तो क्लच दाबत होते आणि ब्रेक उजव्या पायानं, अगदी हळुवार लावत होते. काकू मागे बसल्या होत्या, मांडीवर रिकामा डबा घेऊन. टेस्टिंगसाठी, असं त्या म्हणाल्या. डबा जागचा हलला नाही. प्रत्येक बसस्टॉपवर मात्र गाडी थांबली. ती सवय काढायला आमच्याकडे पार्ट नव्हता.

लग्नाच्या दिवशी गजूभाऊंनी मला एक जादा बॅटरी देऊन पाठवलं. पारापाशी गणेश आणि पोट्टे दोर घेऊनच उभे होते. काकांनी सेल्फ मारला. पहिल्याच झटक्यात गाडी चालू झाली. पोट्ट्यांची तोंडं पडली.

नवरदेव पुढे बसला होता. डीजेच्या मागे वरात मुंगीच्या चालीनं निघाली. मी गाडीच्या बाजूनं चालत होतो, खांद्यावर बॅटरीचं पोतं. उघड्या काचेतून नवरदेवाचा आवाज आला.

"मामाजी, ही ऑटोमॅटिक हाय ना? मंग क्लच कसा काय?"

काकांनी समोरची नजर हलवली नाही. "टॉप मॉडेल हाय जावईबापू. त्यातच येते."

नवरदेव अख्खा मांडवात पोचला. मी पंगतीत बसलो. बॅटरी कुठं ठेवायची ते न समजल्यामुळे ती मांडीवर घेऊनच जेवलो. वाढणाऱ्यानं विचारलं, "हिले काय वाढू?"

ती बॅटरी शेवटी कामाला आलीच. डीजेवाल्यानं पिकअपच्या बॅटरीवर दिव्यांच्या माळा लावून ठेवल्या होत्या आणि निघताना त्याची गाडी चालू होईना. मी पोतं उघडायला घेतलं, तेवढ्यात काका खुर्चीवरून ओरडले, "थांब बे, बाबू! गणेशले आधी दोर आणू दे!"

आता काका दर आठवड्याला गाडी घेऊन दुकानात येतात. बॅटरी उतरत नाही. पास वाया चालला, ही त्यांची नवी तक्रार आहे. गजूभाऊंनी गिऱ्हाइकांना रोज सेल्फ मारायला सांगणं बंद केलंय.

मी एवढंच शिकलो. गाडी उभी असते आणि बॅटरी उतरते, असं म्हणत कोणी आलं की मी मीटर नंतर काढतो. आधी विचारतो, गाडी उभी काऊन असते? उत्तर बहुतेक बॉनेटखाली नसतंच. नक्की नसतं.