केतकीच्या मापाची बंदूक

काय सांगावं तुम्हाला, चहा संपेल पण माझी फजिती सरणार नाही. आठ दिवस झाले, घरात मान वर करून बोललो नाही.

आमची केतकी ट्रॅप शूटिंग करते. म्हणजे मातीच्या चकत्या हवेत उडतात अन् ती त्या बंदुकीनं फोडते. चार वर्षं पोरीनं क्लबच्या बंदुकीवर काढली. शेवटी तिच्या नावाचं लायसन आलं. पुढच्या महिन्यात राज्याची निवड चाचणी. ती परीक्षेसाठी भोपाळला निघाली होती. म्हणाली, बाबा, मी आल्यावर दुकानात जाऊ.

मी ऐकतो का? रिछाईच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांनी बनवलेल्या पार्टांची मापं तपासून राहिलो. मला एक बंदूक पाहता येणार नाही? स्वेटरचं कारण सांगून तिचा हात मोजून घेतला, अन् तिची गाडी सुटताच लायसन खिशात घालून ओमती बाजारातलं बंदुकांचं दुकान गाठलं. सही करायला ती येणारच होती. तोवर पसंत करून, मापाची करून ठेवू म्हटलं.

वरखाली दोन नळ्यांच्या, ज्यांना ओव्हर-अंडर म्हणतात, अशा तीन बंदुका दुकानदारानं काढल्या. एक स्वस्त, उचलताच खडखडली. एक परदेशी, तिची किंमत ऐकून मी काउंटर धरलं. तिसरी मधल्या भावाची. मी तिच्या नळ्यांत डोकावलो, उघडझाप करून पाहिली, खांद्याला लावली. वा! खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता किंचित उजवीकडे वळलेला, मुठीवर तळव्यात बसणारा फुगवटा. केतकीच्या हाताला दस्ता तेवढा लांब होता. म्हटलं, काप.

दुकानदारानं विचारलं, "बिटिया राइट हैंडेड है ना? लकड़ी एक बार कटी तो वापस नहीं होगी."

"भैया, बाप हूँ मैं उसका," मी म्हणालो.

त्यानं कापली.

केतकी आली तशी तिला स्कूटरवर बसवून दुकानात नेलं. तिनं बंदूक उचलली अन् सरळ डाव्या खांद्याला लावली. फुगवटा बोटांत रुतला, गाल दस्त्यावर टेकेना. दुकानदार माझ्याकडे पाहून राहिला. मी भिंतीकडे.

"उजव्या खांद्यावर घे न," मी म्हणालो.

"मी डाव्या खांद्यावरूनच मारते, बाबा."

"काहून? लिहिते तर उजव्या हातानं."

"ते तुम्ही लावलं म्हणून."

खरंच होतं. बालवाडीत असताना तिच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून मीच उजव्या हातात द्यायचो. हात बदलला, तेवढ्यानं खांदा थोडाच बदलतो? दुकानदारानं कापलेलं लाकूड परत घेतलं नाही, त्याचंही बरोबर होतं. म्हणजे पैसे अडकले, अन् आता चाचणीला पुन्हा क्लबचीच बंदूक. केतकी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

तिला स्कूटरवर घेऊन घरी आलो. दारात हेल्मेट काढताना तिनं विचारलं, "बाबा, चार वर्षं दर रविवारी तुम्ही रेंजवर माझ्या मागं खुर्ची टाकून बसता न? मग काय पाहून राहता?"

खरं तेच सांगितलं. म्हटलं, "चकती फुटली का, ते."