सुरूला बांधलेले दोर

पाच वाजले होते आणि माझ्या मांडवाचा समुद्राकडचा बांबू रेतीतून वीतभर वर आला होता. खाली खुर्च्यांवर दीडेकशे माणसं. त्याच बाजूला, पुढच्या रांगांत म्हाताऱ्या आणि लहान पोरं, कारण तिथून गाणारे जवळून दिसतात.

चिखले गावात चिकूच्या एका वाडीला लागून मोकळी रेताड जागा आहे, तिथे मे महिन्यात गाण्याचा प्रोग्राम होता. घोलवडला माझं मंडप डेकोरेशनचं काम, तीसेक वर्षं झाली. शिक्षण सातवी. बाकीचं दोर ओढता ओढता शिकले.

आता उघड्यावरच्या प्रोग्रामला हवामानाचा प्लॅन लिहून द्यावा लागतो. पूर्वी आम्ही आभाळाकडे बघायचो, झालं. स्टेजच्या खांबाला वारा मोजायची छोटी फिरकी लावतात. अमुक आकडा आला की साउंड बंद, त्याच्या वर गेला की माणसं बाहेर, असं माझ्या कागदावर होतं. फिरकी नीट फिरत होती. आकडा बराच खाली होता. आणि तरी बांबू वर येत होता.

मी देवजीला हाक मारली. देवजी माझा मुकादम, तलासरीकडच्या पाड्यावरचा.

"या बाजूचे ताण कशाला बांधलेत रे?" ताण म्हणजे बांबूला तिरका ओढून धरणारा दोर.

"झाडाला, बाई. नेहमीसारखे."

"कुठल्या झाडाला?"

त्याने मान वळवून पाहिलं आणि कमरेचा कोयता काढला.

आमच्याकडची लग्नं चिकूच्या वाडीत होतात. चिकूचं झाड बुटकं, जाडजूड. वाऱ्यात पानं हलतात, खोड नाही. त्याला ताण बांधला की बघायला नको. आमच्या हातांना तीच सवय. इथे मात्र समुद्राकडे सुरूची झाडं होती. रेतीत खुंट धरत नाहीत, म्हणून वाळूच्या गोण्या पुरून त्यांना ताण बांधायचं ठरलं होतं. माणसांनी तीन बाजूंना गोण्या पुरल्या. चौथ्या बाजूला झाडं आयती मिळाली. पण सुरू उंच आणि लवचिक, जराशा वाऱ्यातही झोके घेतो. दोर एकदा सैल, एकदा झटका. दर झटक्याला बांबू बोटभर वर.

आणि दुपारी मांडव तपासला म्हणून सही मी केली होती. ऊन मी म्हणत होतं, गुडघे दुखत होते. त्या बाजूला गेलेच नाही. लांबून दोर ताठ दिसले, म्हटलं बरं आहे.

"कापू का दोर?" देवजीने विचारलं.

"कापलास तर ती बाजू यांच्या डोक्यावर बसेल. आधी माणसं निघू देत."

हेमंतभाई स्टेजपाशी माईक घेऊन उभे होते. प्रोग्राम त्यांचा, वाडीही त्यांचीच.

"हेमंतभाई, माणसं बाहेर काढा."

"अरे काकी! कलाकार तयार होऊन बसलेत. आकडा बघा ना. तुमच्याच कागदावर आहे, एवढ्या वाऱ्याला टेन्शन नाही."

"कागद बरोबर आहे. मांडव चुकलाय."

"म्हणजे?"

इथे मी थांबले, खोटं कशाला सांगू. वादळ येतंय म्हटलं असतं तर त्यांनी लगेच मोबाईलवर हवामान काढून दाखवलं असतं. आणि खरं सांगितलं तर डहाणूपर्यंत सगळ्यांना कळणार की काकीचा मांडव कच्चा. तेवढ्यात बांबूला परत झटका बसला.

"म्हणजे माझ्या माणसांनी दोर चुकीचे बांधलेत आणि मी न बघता सही केली. मांडव पडेल."

"शुं वात करो छो! काय बोलताय काय!" राग आला की त्यांची गुजराती सुटते. "आणि हे आत्ता सांगता?"

"आत्ता कळलं. आधी माईक द्या, मग शिव्या द्या."

त्यांनी माईक दिला. मी सगळ्यांना वाडीकडे जायला सांगितलं. कोणी हलेना. पहिल्या रांगेतली एक आजी म्हणाली, "पाऊस कुठाय? तीन वाजल्यापासून जागा धरून बसलेय मी."

"मावशी, तुमची जागा मी धरते. उठा."

ती उठली, तशी रांग उठली. देवजी आणि त्याची माणसं पोरांना उचलून नेत होती. दहा-बारा मिनिटं गेली. शेवटची माणसं बाहेर पडत होती तेव्हा वाऱ्याचा एक झोत आला. फिरकीने तेव्हाही आकडा गाठला नाही. समुद्राकडचे चार बांबू एकदम उपटले आणि कापडासकट पुढच्या तीन रांगांवर आडवे झाले. आवाजसुद्धा फार झाला नाही. पाचसात खुर्च्या मात्र मोडल्या.

कुणाला खरचटलंही नाही. प्रोग्राम कॅन्सल झाला. थोड्या वेळात वारा पडला, छान पिवळं ऊन आलं. लोक कपडे झटकत एकमेकांना विचारत होते, एवढ्याशा वाऱ्याने मांडव कसा पडला? बरोबरच विचारत होते.

त्याच वर्षी हेमंतभाईंच्या मुलीचं लग्न झालं. मांडव वापीच्या पार्टीने घातला. मला आमंत्रण होतं, गेले, जेवले. देवजी घरी येऊन म्हणाला, "बाई, तुम्ही वाऱ्यावर ढकललं असतंत तर हे काम आपलंच होतं."

"वाऱ्यावर ढकललं असतं तर हेमंतभाईंनी आकडा दाखवला असता, माणसं उठलीच नसती," मी म्हटलं.

फिरकी वारा मोजते. दोर कशाला बांधलाय ते तिला कळत नाही. त्यासाठी चालत जावं लागतं, गुडघे दुखत असले तरी.