मंदाकाकूंचं चॉकलेट पुडिंग आणि मी लपवलेली गोष्ट

मागच्या रविवारी बारामतीत माझ्या घरी मंदाकाकू आणि त्यांची मुलगी सुनंदाताई जेवायला आल्या होत्या. काकू आता ऐंशीच्या पुढं गेल्यात. फोनवरच म्हणाल्या, "जेवायचं लई करू नको बाई, दात न्हाईत. गार, मऊ कायतरी कर."

गार आणि मऊ म्हटल्यावर मला एकच पदार्थ आठवला... जो मी गेल्या तीस-बत्तीस वर्षांत एकदाही केला नव्हता.

लहानपणी आम्ही भवानीनगरला साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. माझे वडील लॅबमध्ये होते, शेजारच्या घरात राहणारे काका, म्हणजे मंदाकाकूंचे मिस्टर, स्टोअरमध्ये. आमच्या ओळीत फ्रिज फक्त त्यांच्याकडं. उन्हाळ्यात प्रत्येक घरातली एखादी बाटली, एखादं पातेलं त्यात असायचंच... काकूंनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही.

त्यांची खासियत म्हणजे चॉकलेटचं पुडिंग. स्टीलच्या पसरट डब्यात तळाला दुधात बुडवलेली बिस्किटं, वर केळी-चिकूच्या फोडी, डाळिंबाचे दाणे, आणि त्यावर दूध, कोको, साखर, कॉर्नफ्लोअर घोटून केलेला दाट थर. बर्फाच्या कप्प्यात चार-पाच तास ठेवलं की सुरीनं वड्या पडायच्या. आम्ही पोरं पायरीवर बसून ती वडी इतकी हळूहळू खायचो की शेवटी ती हातातच वितळायची.

मी नऊ वर्षांची असताना सुनंदाताईला बघायला पाहुणे येणार होते, संध्याकाळी चारला. काकूंनी पहाटेच पुडिंग लावलं. "मुलीनं केलंय" म्हणून सांगायचं ठरलं होतं.

दुपारी सगळे बाहेरच्या खोलीत आवराआवर करत होते. मी मागच्या दारानं आत शिरले, फ्रिज उघडला, डब्यात बोट घालून चॉकलेट चाटलं... तेवढ्यात कुणाचीतरी चाहूल लागली. फ्रिजचं दार ढकललं आणि पळाले. ते नीट लागलं की नाही, हे बघितलंच नाही.

चार वाजता डबा काढला तर सगळं पातळ झालेलं. काकूंनी मान खाली घालून ते वाट्यांत वाढलं. मुलाच्या आईनं चमच्यानं ढवळून बघितलं आणि म्हणाल्या, "पोरीनं केलंय व्हय हे?"

आठवड्यात नकार आला. काकू आमच्या आईपाशी बसून रडल्या. "माझ्याच हातनं दार नीट लागलं नसंल," म्हणत होत्या. मी तिथंच, आईच्या मागं उभी होते... आणि काही बोलले नाही.

पुढं ताईनं डी.एड. केलं, इंदापूरजवळच्या शाळेत शिक्षिका झाली. लग्न मात्र उशिरा झालं. "सुनंदाचं अजून जमेना," असं आमच्या घरी कुणी म्हटलं की मी उठून बाहेर जायचे.

तर शनिवारी मी तोच घाट घातला. माझी मुलगी म्हणाली, स्ट्रॉबेरी घाल, ब्राउनी घाल... मी ऐकलं नाही. केळी, चिकू, डाळिंब, एवढंच. कोको दुधात घोटताना जो वास सुटला, त्यानं मी थेट काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. शेगडीपाशी त्या, आणि ओट्याला नाक लावून मी.

रविवारी जेवणं झाल्यावर वड्या वाढल्या. काकूंनी पहिला घास बराच वेळ तोंडात ठेवला. "माज्यापरीस बरं झालंय," म्हणाल्या. आणि मग मी सगळं सांगून टाकलं. बोट घातल्याचं, पळाल्याचं, गप्प राहिल्याचं.

ताईनं चमचा खाली ठेवला. "तू फ्रिज उघडलास तेव्हा आत दिवा लागला होता का गं?"

मी आठवून बघितलं. नव्हता लागला... पण डोक्यावर पंखा तर चालू होता, म्हणजे वीज गेलेली नव्हती.

"आणि बोट लगेच आत गेलं ना? पहाटेपासून गोठत असलेल्या पुडिंगमध्ये?" ताई म्हणाली. "मी सकाळीच फ्रिजचं बटण बंद केलं होतं. पाहुणे यायच्या आधी परत चालू केलं. माझा डी.एड.चा फॉर्म भरलेला होता, आणि त्या लोकांना शिकलेली, नोकरी करणारी सून नको होती. तोंडानं नको म्हणायचं धाडस नव्हतं... दुसरं काही सुचलं नाही."

आम्ही दोघी काकूंकडं बघत राहिलो. इतकी वर्षं त्या स्वतःलाच दोष देत आल्या होत्या.

काकूंनी वाटीतलं शेवटचं चॉकलेट चमच्यानं गोळा केलं, खाल्लं. मग म्हणाल्या, "मला म्हणली असतीस तर मीच बटण बंद केलं असतं."

"तेव्हा कुठं म्हणता येत होतं, आई."

काकूंनी मान हलवली. "व्हय. तेव्हा मीबी ऐकलं असतं का न्हाय, कुणाला ठावं." एवढं म्हणून त्यांनी ताईच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. ताईचे डोळे भरून आले होते... माझेही.

एका दुपारचं ओझं आम्ही तिघींनी आपापल्या मनात वेगवेगळं सांभाळलं, एकमेकींना विचारता आलं असतं तरी. सांगायला फार उशीर केला, हे खरंच. पण ऐकायला काकू समोर बसलेल्या होत्या... याचं जे समाधान आहे, ते मला शब्दांत नीट सांगता येत नाही.