कांतामावशीचा न विझणारा कंदील

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत कांतामावशीशी वाद घालून कोणी जिंकल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मी शेजारीण, त्यामुळे रोज हरते. दर दिवाळीला ती स्वतः कामट्या तासून कंदील करते आणि गॅलरीत कपडे वाळत घालायच्या तारेला टांगते. वसुबारसेला लावलेला कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत मधेच विझता कामा नये, हा तिचा हट्ट. नवरा गेला त्या वर्षी तो विझला होता म्हणे.

यंदा तिच्या घराचं वायरिंग नवं झालं. वायरमन राजरत्नने शॉक बसायच्या आत वीज तोडणारा स्विच बसवला आणि बजावलं, "मावशी, बाहेरच्या कंदिलाला जाड केबल घ्या, पाइपातून नेऊ. ही जुनी वायर ओल्यात नको."

"माका कंदील लावचो आसा, गिरण नाय चालवची," मावशी म्हणाली आणि तीच जुनी वायर तिने कपड्यांच्या तारेला गुंडाळली.

मग तारेवर ओले कपडे पडले की स्विच पडायचा. कंदील जायचा, घरातही अंधार. मावशी स्विचला शिव्या घालायची. शेवटी वैतागून तिने गॅलरीतल्या सामाईक दिव्याच्या होल्डरला पिन खुपसली. तिथे असा वीज तोडणारा स्विच नव्हता, नुसता जुना फ्यूज. कंदील जळत राहिला. "बघ गो," नाक वर करून ती मला म्हणाली.

पाडव्याच्या सकाळी कंदील चालूच होता. गॅलरी नुकतीच धुतलेली. तिची सून रुपाली अनवाणी आली आणि तिने ओला टॉवेल तारेवर टाकला. ती ओरडलीच नाही. मूठ तारेवर आवळलेली, डोळे उघडे, अंग थडथड उडतंय. मावशीने कपडे वाळत घालायची कोरडी काठी उचलली आणि सुनेच्या मनगटावर अशी हाणली की हात सुटला. रुपाली कोसळली. श्वास चालू होता, पण तळहात भाजून काळा पडला होता.

राजरत्न धावत आला. तारेला घासून घासून वायरचं वरचं आवरण गेलं होतं, आतलं तांबं उघडं पडलं होतं. "करंट तारेत उतरत होता, म्हणून तर स्विच पडत होता, मावशी."

मावशी भिंतीला टेकून खाली बसली. "तो स्विच माका रोज सांगत होतो. आनी मिया त्येचा तोंड बंद केलंय." तिचा तो आवाज मला ओळखूच येईना.

रुपाली दवाखान्यातून घरी आली. केबल आली, पाइप आला, कंदिलाला वेगळा स्विचही बसला.

काल संध्याकाळी घरातला स्विच पुन्हा पडला, बहुधा मिक्सरमुळे. मी मेणबत्ती घेऊन गेले. कंदील जळतोय की विझला, हे मावशीने पाहिलंसुद्धा नाही.

"रुपाली! रुपाली खय आसा?"

"हय आसंय, आई."

तरी ती अंधारात चाचपडत गेली. रुपालीचा तो भाजलेला हात हातात येईपर्यंत तिने कोणालाही स्विच वर करू दिला नाही.