रांगेतली पाटी

भरलेल्या बसमध्ये कुणाचा ऐवज गेला, तर तुमची नजर आधी कुणाकडे वळते? खरं सांगा, इथे तुमचा जबाब कुणी नोंदवत नाही. इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाकडे वळते, की मासळीची पाटी घेऊन चढलेल्या बाईकडे?

माझीही नजर पाटीकडेच वळली होती. त्यामुळेच निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या दिवसाने माझा पिच्छा सोडलेला नाही.

नाताळचा आदला दिवस होता. पश्चिम उपनगरातल्या खाडीकाठच्या एका ठाण्यात मी सहायक निरीक्षक होतो. नाताळची सुट्टी लागली की आमच्या रजा रद्द. मालाडहून मार्व्याला जाणारी प्रत्येक बस पायरीपर्यंत भरून यायची. मार्व्याच्या जेट्टीवर मनोरीला जाणाऱ्या बोटीसाठी रांग रस्त्यापर्यंत लागायची. मुलुंड, घाटकोपरहून माणसं दोन बस आणि एक रिक्षा बदलून यायची, दोन दिवस समुद्रावर काढायला. आमचा एक शिपाई रांगेशी आणि एक बोटीशी, एवढाच बंदोबस्त.

बाराच्या सुमारास शिपायाने मालाडला मासळी विकून मनोरीला परतणाऱ्या एका कोळी बाईला ठाण्यात आणलं. वय पंचावन्नच्या पुढे. मागोमाग तक्रारदार आले. मुलुंडची एक गृहिणी, तिचा नवरा आणि नवऱ्याचा धाकटा भाऊ. बाईंनी गर्दी बघून गळ्यातलं मंगळसूत्र आणि हातातल्या दोन पाटल्या काढून एका लहान कापडी पिशवीत घातल्या होत्या आणि ती पिशवी पर्समध्ये. बसचं तिकीट काढताना पिशवी पर्समध्ये होती. जेट्टीवर बोटीच्या तिकिटाला पर्स उघडली तेव्हा नव्हती. शिपायाने रांगेतल्या पिशव्या तपासायला सुरुवात केली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "बसमध्ये कोळणी होत्या, त्यांचं बघा." रांगेत मासळीच्या तीन रिकाम्या पाट्या होत्या. तिसऱ्या पाटीत गोणपाटाखाली पिशवी निघाली, ऐवजासकट.

"ही पाटी कुणाची?" शिपायाने विचारलं. चहाच्या टपरीवरून ही बाई उठून आली आणि म्हणाली, "माझी."

त्या एका शब्दावर तिला धरून आणलं होतं.

तक्रारदार बाई तावातावाने म्हणाल्या, "साहेब, ह्या लोकांना सोडू नका. सणासुदीला हेच चालतं ह्यांचं." धाकटा दीर त्यांच्या मागे उभा होता. डोक्यावर नाताळची लाल टोपी तशीच. ठाणे अंमलदाराने गुन्हा नोंदवला, पंचनामा झाला, ऐवज आणि पाटी दोन्ही मुद्देमालात गेली. कुटुंबाला मी जायला सांगितलं. ते पुढच्या बोटीने मनोरीला गेले, जेवायला.

वरिष्ठांचा फोन आला. "ऐवज मिळाला, पाटी तिची, ती कबूल करते. सहाच्या आत अटक दाखवा." बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तर न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि डिसेंबरात सूर्य सहालाच मावळतो. हातात जेमतेम पाच तास होते.

महिला शिपायाला शेजारी बसवून मी बाईला विचारायला सुरुवात केली.

"पाटी तुझी?"

"हा, माझी."

"मग पिशवी कुणी ठेवली?"

"ठेवनाऱ्याला विचार ना, सायेब. मना काय विचारतं?"

"नीट बोल गं," महिला शिपाई म्हणाली.

"नीटच बोलतंय. नीट बोलले म्हनून हितं बसलंय. माझी नाय बोलले असते, तर आता घरी असते."

मग ती माझ्याकडे वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सायेब, वीस वरसं मी मालाडच्या सोसायट्यांमदी मासली विकते. बायका दार उघडं टाकून आतमदी भांडं आनायला जातात. वाचमन मना इचारत पन नाय. उद्या त्याला कललं का हिला पोलिसानी नेलं, तर गेटच बंद. मग पाटी कंच्या दारात उतरू?"

तुरुंगाचं तिने नावही काढलं नाही. उघड्या दारांचा विश्वास ही तिची सगळी कमाई होती, आणि सहा वाजता माझी एक सही ती संपवणार होती.

तरीही सांगतो, मला तेव्हा तिचं पटलं नव्हतं. गरीब दिसणारे चोर मी पुष्कळ पाहिले होते.

दोनच्या सुमारास एक बस कंडक्टर आत आला. पहिली पाळी संपवून, गणवेशातच. मूळचा देवगडकडचा, बोलण्यात गावाची लय. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. डेपोत कळलं, म्हणून दुसरी बस पकडून आला होता.

"साहेब, ती पिशवी बसमध्ये त्या पाटीत नव्हती."

"कशावरून?"

"पाट्या मीच उतरवल्या ना. तिन्ही एकात एक घातलेल्या, हिची सगळ्यात खाली. अडकून बसतत त्या. उलटी करून पायरीवर आपटली तेव्हा सुटली. गोणपाट आणि बर्फाचं पाणी तेवढं पडलं. पिशवी असती तर माझ्या बुटावर पडली असती."

"तिने कमरेला खोचली असेल. मग जेट्टीवर पाटीत टाकली असेल."

"असेल. पण कमरेला सोनं लपलेलं असताना ते उघड्या पाटीत टाकून चहा प्यायला कोण जाईल? मी तरी नाय जाणार."

आमचा हवालदार म्हणाला, "तुझा काय भरवसा. तुम्ही लोक सुट्टे द्यायचे विसरता."

"ते विसरत नाय हो, ती सवय आहे," कंडक्टर म्हणाला, आणि हवालदारासकट सगळे हसले.

मी त्याचा जबाब लिहून घेतला. जाताना तो म्हणाला, "अजून एक. त्या लाल टोपीवाल्याने बसमध्ये हिला बाजूला उभंसुद्धा राहू दिलं नाय. म्हणाला, वास येतो, पाटी लांब ठेव. मी लक्षात ठेवलंय, कारण मीच त्याला सुनावणार होतो. पण हिनेच मला गप केलं."

मी जीप काढून जेट्टीवर गेलो. वर्दीतला माणूस जे बघायला जातो तेच त्याला दिसतं, म्हणून या वेळी बाजूला उभं राहून फक्त रांग बघितली. रांगेत मध्येच दोन रिकाम्या पाट्या होत्या, माणूस नाही. रांग सरकली की मागचा माणूस पायाने पाटी पुढे ढकलत होता. चहाची टपरी चालवणाऱ्या बाईला विचारलं.

"ह्या पाट्या अशा टाकून का दिल्यात?"

"टाकल्यात कुठे? त्या रांगेत हायेत. पाटी म्हंजे माणूस. पहाटे तीनला उठलेल्या बाया, त्या उन्हात उभ्या राहनार काय? पाटी रांगेत ठेवायची नि सावलीत बसायचं. मागचा सरकवतो."

तीन वर्षं मी त्या ठाण्यात होतो. शेकडो वेळा ती रांग पाहिली होती. रिकामी पाटी म्हणजे बेवारस पाटी, हीच माझी समजूत होती. ज्याने पिशवी टाकली त्याचीही तीच असणार.

"सकाळी तिसऱ्या पाटीच्या मागे कोण होतं?"

"लाल टोपीवाला एक. घरच्यांसाठी जागा धरून उभा होता. आधी बुटाने ढकलत होता पाटी, तोंड वाकडं करून. मग तुमचा पोलीस पिशव्या उघडत यायला लागला. बोट लागली, रांग सरकली, तवा ह्याने दोन्ही हातांनी पाटी उचलून पुढे ठेवली. मी म्हटलं पन, अगो बाय, साहेबाला आमच्या पाटीचा भारीच लळा लागला."

"हे सकाळी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इचारलं कवा?"

तिचाही जबाब घेतला.

मुद्देमाल ओळखण्याच्या निमित्ताने कुटुंबाला परत बोलावलं. साडेचारला ते वैतागून आले. दिराला मी एकट्याला आत घेतलं. मी कधी हात उचलत नसे; त्याची गरज ज्याला पडते त्याला प्रश्न विचारता येत नाहीत. माझी पद्धत साधी होती. तोच प्रश्न तीनदा विचारायचा. खरं बोलणारा तिसऱ्यांदा चिडतो. खोटं बोलणारा मात्र तिसऱ्यांदाही पाठ केल्यासारखं, शांतपणे सांगतो.

"रांगेत तुमच्या पुढे पाटी होती?"

"हो."

"तुम्ही ती कशी सरकवत होता?"

"सरकवली असेल. मदत म्हणून."

दुसऱ्यांदा तेच विचारलं, तिसऱ्यांदाही. तिन्ही वेळा "मदत म्हणून", त्याच सुरात.

"बसमध्ये त्याच पाटीचा तुम्हाला वास येत होता."

त्याने टोपी कानांवर ओढली.

"जेट्टीवरही आधी बुटाने ढकललीत. मग दोन्ही हातांनी उचललीत. बूट आणि हात, यांच्यामध्ये काय झालं ते सांगा."

त्याने टोपी काढली आणि टेबलावर ठेवली.

"पाटल्या आईच्या होत्या," तो म्हणाला. "आई गेली, सगळं वहिनीकडे गेलं. माझ्या बायकोला एक तरी द्यायला हवी होती की नको, तुम्हीच सांगा. बसमध्ये पर्स माझ्याच तोंडासमोर उघडी होती. वाटलं, गर्दीत गेली असं सगळे समजतील. मग पोलीस पिशव्या उघडत आला."

"आणि ती बाई?"

"मला वाटलं, ऐवज मिळाला की तिला सोडून देतील."

खून केलेल्या माणसांची कबुली मी ऐकली आहे. या वाक्याइतका संताप मला क्वचित आला. तो सराईत चोर नव्हता. घरातलं भांडण त्याला घरात भांडता आलं नाही, आणि त्याची किंमत त्याने एका परक्या बाईला भरायला लावली. ती चार तास बाकावर बसली होती, तेव्हा तो मनोरीत मासे जेवत होता.

वहिनींना कळलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्याच. मग म्हणाल्या, "साहेब, मी तक्रार मागे घेते. घरातलंच प्रकरण आहे."

"सकाळी ते घरातलं नव्हतं, बाई. सकाळी तुम्ही म्हणालात, ह्या लोकांना सोडू नका. मी सोडत नाही." दिराला मी अटक दाखवली, सहाच्या आत.

वहिनी बाहेर गेल्या आणि कोळी बाईच्या पायाशी वाकल्या. तिने पाय मागे घेतले.

"पाय नको धरू, बाय. हितं कोन बघतंय? जेट्टीवर चल. सगल्यांसमोर नेलं, सगल्यांसमोर सोड."

आम्ही गेलो. सूर्य खाडीवर टेकला होता. रांग तेवढीच लांब होती. मी मोठ्याने सांगितलं की ही बाई निर्दोष आहे, चूक आमची होती. वहिनींनीही हात जोडून तेच सांगितलं. रांगेतल्या एका तरुणाने मित्राला विचारलं, "काय रे, शूटिंग आहे काय?"

सकाळी तिला नेताना पाहिलेला एकही माणूस त्या रांगेत नव्हता. ते सगळे खाडीपार गेले होते, आणि चोर कोळणीची गोष्ट सोबत घेऊन गेले होते.

ती बोटीत चढली. पाटी मुद्देमालात अडकली होती, म्हणून रिकाम्या हाताने. पुढे कंडक्टरच्या आणि टपरीवालीच्या जबाबांच्या प्रती घेऊन मी स्वतः मालाडच्या दोन सोसायट्यांच्या गेटवर गेलो. एकीने तिला पुन्हा वर सोडलं. दुसरीच्या सेक्रेटरीने सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि गेट बंदच ठेवलं. कंडक्टरने कोर्टाच्या तारखांसाठी स्वतःची रजा खर्ची घातली, दोनदा.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. आरोप लगेच माणसांबरोबर बसमध्ये, बोटीत चढतो. निर्दोष असल्याचा कागद ठाण्यातल्या कपाटात पडून राहतो. तो कागद घेऊन एखाद्याने पायपीट केली तरच तो कुठेतरी पोहोचतो, तोही अर्धाच. आणि मला अजून छळतं ते हे: त्या बसमध्ये सत्तर माणसं होती, त्यांच्यापुढे पाटी उलटी करून आपटली गेली. रांगेत तर त्याहून जास्त होती, आणि दिराचा हात पाटीत गेला तेव्हा कुणीच पाहिलं नाही, हे मी मानायला तयार नाही. पुढचे आठ दिवस मी हे पाहिलेल्या एखाद्या माणसाची वाट पाहिली. कुणी आलं नाही. सगळ्यांना सुट्टी होती.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. प्रवासात एखाद्याला चोर म्हणून धरताना पाहिलंत आणि खरं काय ते तुम्हाला ठाऊक असेल, तर खाली उतरा. बोट चुकू द्या, बस जाऊ द्या. बोलावण्याची वाट न बघता ठाण्यात जा, स्वतःचं नाव सांगा, पाहिलं तेवढंच सांगा, आणि जबाबाखाली सही करूनच बाहेर पडा.