धुऱ्यावरचं टपाल

गेल्या वर्षी मी पोलीस खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली. तरी कापूस वेचणी सुरू झाली की समुद्रपूर तालुक्यातलं ते प्रकरण डोळ्यांपुढे उभं राहतं. खून नाही, दरोडा नाही. एक पासपोर्ट गहाळ झाला होता. माझ्या नोकरीतल्या ज्या तपासांचा मला अभिमान वाटतो त्यात हा मी वर ठेवतो. मनाला टोचतो तोही हाच.

सकाळची हजेरी चालू असताना एक तरुण नर्स ठाण्यात आली. ती वर्ध्याच्या एका दवाखान्यात कामाला होती आणि तिथेच राहत होती. आखातातल्या एका रुग्णालयात तिची निवड झाली होती. आठवड्याच्या आत पासपोर्ट एजन्सीकडे पोचला नाही तर जागा दुसरीला जाणार होती. पासपोर्ट टपालाने गावच्या पत्त्यावर निघाला होता. मोबाईलवर तो पोचल्याचा संदेश आला, पण घरी विचारलं तर आई-वडील म्हणाले, काहीच आलं नाही. तिचा संशय सरळ गावच्या पोस्टमनवर होता. "त्यानं कोनाले तरी इकला, साहेब," ती म्हणाली. "त्याले सोडू नका."

पोस्टमनला बोलावून घेतलं. पन्नाशीचा, गावात चांगलं नाव असलेला माणूस. त्याने हातातलं यंत्र टेबलावर ठेवून पद्धत सांगितली. पाकिटावरच्या उभ्या रेघा यंत्राने वाचायच्या, घेणाऱ्याची सही बोटाने पडद्यावर घ्यायची, मग बटण दाबलं की टपाल पोचल्याची नोंद होते. पासपोर्ट तर ज्याचा त्यालाच द्यायचा, ओळखपत्र पाहून. सही कोणाची, असं विचारल्यावर म्हणाला, "पोरीचीच. घरी देल्ला." ती तर त्या दिवशी दवाखान्यात पाळीवर होती, हे मी आधीच तपासून ठेवलं होतं. तेवढं सांगताच त्याने टेबलावरचं यंत्र हळूच स्वतःकडे ओढलं.

खोटं बोलणारा माणूस बहुधा जास्त बोलतो. हा तोंडच उघडेना. नोकरी जाईल, गुन्हा दाखल होईल, सगळं सांगून पाहिलं. अंगाला हात लावला नाही, पण दुपारपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. येणारे-जाणारे गावकरी त्याला पाहत होते. एकाने टोमणाही मारला, "काऊन गा, आज सारं टपाल ठाण्यातच वाटून राह्यला का?" तो मान खाली घालून बसला. चौकशीची ती रीत होती. तरी तो बाक आठवला की मला अजून बरं वाटत नाही.

दुवा मिळाला तो गावच्या पोलीस पाटलाकडून. तो चहा पिता पिता सहज बोलून गेला, "वेचणीच्या दिवसात घरी कोन राह्यते, साहेब? साऱ्या दारांले कुलूप. पोस्टमन धुऱ्या-धुऱ्यानं फिरते. ज्याचं वावर, त्याचं टपाल." वावर म्हणजे शेत, धुरा म्हणजे त्याचा बांध. गावची ही रीत जुनी. यंत्र नवं आलं, पण तेही पोस्टमनच्या खिशात बसून धुऱ्यावर जाऊ लागलं होतं. म्हणजे पाकीट घरी दिलेलं नव्हतं, शेतात दिलेलं होतं. आता फक्त घेणाऱ्याचा हात शोधायचा होता.

टपाल कार्यालयाला पत्र देऊन पडद्यावरच्या सहीची छापील प्रत मागवली. वर शिरोरेषा लांबच लांब ओढलेली होती आणि तिच्याखाली मुलीचं नाव, एकेक अक्षर सुटं, शेवटची दोन दाटीवाटीने बसवलेली. तक्रारीवरची मुलीची स्वतःची सही इंग्रजीत होती, झरझर केलेली.

मी ती प्रत मुलीपुढे ठेवली. दोन दिवस पोस्टमनला अटक करा म्हणणारी मुलगी कागदाकडे बघत राहिली. मग हलकेच म्हणाली, "साहेब, तक्रार वापस घ्यायची हाय मले. हरवला म्हणून लिहून द्या."

हरवलेला नसताना तसं लिहून देता येत नाही, एवढंच मी बोललो. नवा पासपोर्ट आठवड्यात निघणार नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं. तक्रारदाराचा राग असा एकाएकी उतरला की समजावं, त्याला चोर घरात दिसला आहे.

वर्दी न घालता, एका महिला शिपायाला घेऊन मी तिच्यासोबत गावी गेलो. घराची आतली खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली होती. वडील खाटेवर बसले होते, आई दाराशी. मी सहीची प्रत खाटेवर ठेवली आणि कोणालाच काही विचारलं नाही. वडील म्हणाले, "आमच्याकडची नोहे हे सही. मी अशी करत नाई, अन् हिचा तं अंगठा असते."

आई वाकून कागद पाहत होती. तिने मुलीकडे मान वळवली.

"बरी आली का वं?"

मुलीने तोंडाला ओढणी लावली. लहानपणी पाटीवर तिनेच आईला नाव गिरवायला शिकवलं होतं, आईचं नव्हे, मुलीचं. आईला लिहिता येत होतं ते तेवढंच. धुऱ्यावर पोस्टमनने पाकीट दिलं, तेव्हा तिने पदराला बोट पुसून तेच लिहिलं. पुढे बोभाटा झाल्यावर कोणाला सांगू नको म्हणून तिने त्याला हात जोडले होते. खरं सांगितलं तर नियम मोडल्याचं उघड होणार, म्हणून तोही गप्प.

"चोरला नाई म्या. ठेवला," आई म्हणाली. "एकडाव गेली का मंग कधी दिसन ते? कापूस निघाला का देणार होती."

तिने खांद्यापर्यंत हात कापसात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पासपोर्ट बाहेर काढला. मुलगी आईच्या केसांत अडकलेला कापूस काढत तिच्याशेजारी बसून राहिली.

पासपोर्ट दुसऱ्या दिवशी एजन्सीत पोचला आणि मुलगी वेळेवर गेली. पोस्टमनने वरिष्ठांपुढे खरं सांगितलं. त्याला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. एका निरपराध माणसाला कोठडीत न टाकता खरं शोधता आलं, याचा अभिमान मी लपवत नाही.

पण त्या घरात आणखी एक गोष्ट घडली. आईचा जबाब पूर्ण झाल्यावर शिपाईबाईने सवयीने शाईचा पॅड उघडला. आई म्हणाली, "मले लिवता येते." येत होतं, पण मुलीचं नाव. जबाबाखाली तिचं स्वतःचं नाव हवं होतं. मी अंगठाच घेतला. मुलीदेखत. शाई निघेपर्यंत आई मोरीवर अंगठा घासत होती.

टपाल पोचलं एवढं यंत्र सांगतं. कोणी कशासाठी घेतलं, ते माणसांत बसूनच कळतं. मी ठाण्यावर परत आलो आणि सगळ्यांना बोलावून सांगितलं, यापुढे पॅड उघडण्याआधी विचारायचं, बाई, सही येते का? त्यानंतर कितीतरी बायांनी माझ्या टेबलावरचं पेन उचललं. त्यांच्यातल्या काहींचे आधीचे जबाब आमच्याच कपाटात होते, अंगठ्याचे.