झुबेदाभाभींचा कॉम्प्युटर

आज एक जुना सीपीयू उघडला आणि तापलेल्या धुळीच्या वासाने झुबेदाभाभी आठवल्या. बऱ्याच वर्षांपूर्वी मिरजोळ्यातल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात त्यांनी बंद पडलेला कॉम्प्युटर आणला होता. विंडोज सुरूच होईना. आत काय आहे ते न विचारताच मी डिस्क फॉरमॅट केली, होतं ते सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं.

"झाला सुरू, भाभी."

पडद्यावर नुसती विंडोजच्या चित्रातली हिरवी टेकडी होती. त्या बघत राहिल्या. "आणि ह्यांचे फोटो? बोटीवरून पाठवलेले?"

त्यांचा नवरा बोटीवरच वारला होता, हे मला तेव्हा कळलं. तीन दिवस धडपडलो. एकही फोटो परत मिळाला नाही.

"तुम्ही तरी काय करणार, भाऊ," त्या म्हणाल्या.

तेव्हा ते ऐकून मला हायसं वाटलं होतं. आज त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटते.